कृष्णविवर सगळं गिळत सुटत नाही

कृष्णविवर म्हटलं की आ वासून बसलेला राक्षस डोळ्यांसमोर येतो, जवळचं-लांबचं सगळं ओढून गिळणारा. हा समज जायला हवा, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

समजा, सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी त्यात ओढली जाईल? मुळीच नाही. ८ मिनिटं २० सेकंदांनी अंधार पडेल, पुढे सगळं गोठेल. पण पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहील. ओढ ठरते ती वस्तुमान आणि अंतर यांवर, आणि ती दोन्ही तीच आहेत. (सूर्याचं असं काही होणार नाही. तेवढं वजनच नाही त्याच्यात.)

पुरावा आपल्याच आकाशगंगेत आहे. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, धनू राशीच्या दिशेला, ४० लाख सूर्यांहून जड असं कृष्णविवर आहे. एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८मध्ये तो त्याच्या अगदी जवळ गेला. जवळ म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पट. वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरांहून जास्त. वळसा घातला आणि सुखरूप पुढे निघून गेला! राइनहार्ट गेन्झेल आणि आंद्रेआ गेझ यांच्या गटांनी वर्षानुवर्षं अशा ताऱ्यांचा माग काढला, म्हणून २०२०च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला.

२०१९मध्ये गाजलेला एम-८७ दीर्घिकेतला ‘फोटो’ही नीट समजून घ्यावा. ते नारिंगी कडं भोवतालच्या तापलेल्या वायूचं. कृष्णविवराची दिसते ती मधली सावली. दुर्बिणींनी टिपल्या रेडिओ लहरी, नारिंगी रंग नंतर दिलेला.

आणि ‘तिथे काळ थांबतो’ हे? अर्धंच खरं. लांबून बघणाऱ्याला आत पडणाऱ्याचं घड्याळ मंदावत जाताना दिसेल; पडणाऱ्याच्या मनगटावर मात्र काटा नेहमीसारखाच फिरेल. एस-२ जवळून गेला तेव्हा गुरुत्वाकर्षणाने त्याच्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या गेल्याचं चिलीतल्या दुर्बिणींनी मोजलंही. पण काळाची ही चाल बघायला इतक्या लांब जायची गरज नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर कापतो, म्हणून ही दुरुस्ती त्या यंत्रणेत आधीच करून ठेवावी लागते.