'फूछुन पर्वतातील निवास' : एका चिनी निसर्गचित्रातील शांततेचे स्वरूप

चिनी परंपरेत निसर्गचित्राला 'शानश्वेइ' म्हणजे 'पर्वत-जल' अशी संज्ञा आहे. युआन राजवटीतील चित्रकार ह्वांग गोंगवांग (१२६९-१३५४) याचे 'फूछुन पर्वतातील निवास' हे या परंपरेतील सर्वाधिक गौरविले गेलेले चित्र होय. कागदावर केवळ काळ्या शाईने रंगविलेल्या या चित्रात फूछुन नदीकाठचे डोंगर, विरळ वृक्ष, मोजक्या झोपड्या आणि नावेतील मच्छीमार दिसतात. घटना अशी काहीच नाही.

तथापि या चित्राची शांतता केवळ विषयातून आलेली नाही; ती पाहण्याच्या रीतीतून येते. सुमारे ३३ सेंटिमीटर उंचीचा हा पट भिंतीवर टांगण्यासाठी नव्हता. तो उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायचा, पाहून झालेला भाग गुंडाळायचा आणि पुढे जायचे. साहजिकच येथे दर्शकाला एका जागी खिळवून ठेवणारा दृष्टिबिंदू नाही; तो नदीकाठाने चालत राहतो. (पुस्तकाच्या एकाच पानावर हा पट आक्रसून छापला जातो तेव्हा नेमकी हीच गोष्ट हरवते.) डोंगरांचे उतार कोरड्या कुंचल्याच्या, तागाच्या तंतूंसारख्या लांब, सैल रेषांनी घडविले आहेत. पाण्यासाठी मात्र बहुतांशी कागद कोराच सोडला आहे. ही कोरी जागा रिकामी वाटत नाही, हे चित्रकाराचे खरे सामर्थ्य मानावे लागेल.

ह्वांग काही काळ सरकारी नोकरीत होता. वरिष्ठाच्या एका प्रकरणात त्याला तुरुंगवासही घडला. पुढे तो ताओ पंथाकडे वळला. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १३४७ मध्ये, त्याने हा पट आरंभिला आणि मन होईल तेव्हाच त्यावर काम केले. तीन वर्षांनंतरही तो अपुराच होता. ज्याच्यासाठी तो काढला जात होता, त्या वूयोंग नामक ताओपंथीयाला पट दुसरेच कोणी बळकावील अशी धास्ती वाटली. म्हणून १३५० मध्ये त्याने आपले नाव आधीच लिहवून घेतले.

ती धास्ती निराधार नव्हती. १६५० मध्ये वू होंगयू या संग्राहकाने मृत्युशय्येवरून हा पट आपल्यासोबत जाळण्याची आज्ञा केली. त्याच्या पुतण्याने तो आगीतून ओढून काढला, परंतु तोवर त्याचे दोन तुकडे झाले होते. पुढे छ्येनलोंग सम्राटाकडे प्रथम या पटाची एक नक्कल आली. तिलाच अस्सल मानून त्याने तिच्यावरील कोऱ्या जागेत असंख्य टिपणे लिहिली. १७४६ मध्ये अस्सल पटाचा मोठा भाग हाती आला, तेव्हा त्यालाच नक्कल ठरविण्यात आले. सम्राटाच्या या चुकीमुळेच मूळ पटावरील कोरे पाणी बव्हंशी कोरे राहिले!

सहा मीटरांहून लांब असलेला तो भाग आज तैपेइच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. सुमारे अर्ध्या मीटरचा आरंभीचा तुकडा हांगचौ येथील चच्यांग प्रांतिक संग्रहालयात आहे. २०११ मध्ये तैपेइ येथे हे दोन्ही भाग एकत्र मांडण्यात आले. आगीत गेलेला भाग मात्र त्या मांडणीतही नव्हता.