मुलांचें रक्षण आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी

एखाद्या मुलाचा घरांत छळ होत आहे, शेजाऱ्यांनीं तें स्थानिक संस्थेस कळविलेंहि आहे, आणि तरीहि ती संस्था स्वस्थ बसली, तर पुढें त्या मुलास तिच्याकडून भरपाई मागतां येईल काय? वरवर पाहतां उत्तर ‘होय’ असेंच वाटतें. परंतु हा प्रश्न सोडवितांना इंग्लंडमधील न्यायालयांस पाव शतकाहून अधिक काळ लागला.

तेथें बालसंरक्षणाचें काम कौन्सिलांकडे असतें. १९८७ सालीं बेडफर्डशायर कौन्सिलकडे एका कुटुंबाविषयीं पहिली सूचना आली. मुलें उपाशी असतात, घर घाणीनें भरलेलें असतें, असें शाळेनें व शेजाऱ्यांनीं वारंवार कळविलें. तरी कौन्सिलनें मुलें आपल्या ताब्यांत घेतलीं तीं १९९२ सालीं. मुलांच्या वतीनें दावा झाला. त्या काळचें सर्वोच्च न्यायपीठ जें हाउस ऑफ लॉर्ड्स, त्यानें १९९५ सालीं साक्षीपुरावा न घेतांच तो फेटाळला. कारण असें कीं, मुलांस आईबापांपासून वेगळें करणें हें नाजूक काम आहे. त्यांत पोलीस, डॉक्टर, शिक्षक अशा अनेकांचा हात असतो. दाव्याचें भय असलें तर अधिकारी मुलाच्या हितापेक्षां स्वतःच्या बचावाकडेच अधिक पाहतील.

हा युक्तिवाद पोकळ नव्हे. कारण घाईनेंहि कुटुंबें उद्ध्वस्त होतात. पण त्याची किंमत मुलांनींच कां द्यावी? त्यांपैकीं चौघांनीं स्ट्रासबूर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाकडे दाद मागितली. १० मे २००१ रोजीं त्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, अमानुष वागणुकीपासून या मुलांचें रक्षण करण्यांत राज्य चुकलें, आणि दाद मागण्याचा परिणामकारक मार्गहि त्यांस मिळाला नाहीं. मानसिक क्लेशांबद्दल प्रत्येकास ३२,००० पौंड देवविण्यांत आले; इतर नुकसानीची रक्कम निराळी. इंग्लंडमध्यें २ ऑक्टोबर २००० पासून मानवी हक्कांचा कायदा अमलांत असल्यामुळें असा दावा आतां तेथील न्यायालयांतच करतां येतो. मात्र त्यास मुदत सामान्यतः एकाच वर्षाची आहे.

निष्काळजीपणाच्या सामान्य कायद्याचें काय? पूल येथील कौन्सिलच्या खटल्यांत २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, सरकारी संस्थेस खासगी माणसाचाच नियम लागू. तिऱ्हाइतानें केलेल्या इजेपासून दुसऱ्यास वांचविण्याचें बंधन सहसा कोणावरहि नसतें; पण धोका आपणच निर्माण केला, किंवा रक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली, तर तें येतें. केवळ चौकशी केल्यानें जबाबदारी घेतली असें होत नाहीं. न्यायालयाच्या हुकुमानें मूल ताब्यांत घेतल्यावर मात्र ती येते. २०२३ सालच्या निकालांतहि हेंच सूत्र कायम राहिलें. नॉटिंगहॅमशायरच्या २०१७ सालच्या खटल्यांत तर कौन्सिलची स्वतःची चूक नसतांहि, तिनें ज्यांच्या घरीं मूल सांभाळण्यास ठेविलें होतें त्यांच्या अत्याचारांबद्दल तिलाच जबाबदार धरण्यांत आलें.

सारांश, कौन्सिलनें हातीं घेतलेल्या मुलास कायद्याचा आधार बळकट आहे. ज्याची हकीकत कळूनहि तें घरींच राहिलें, त्याचा आधार दुबळा आहे. आणि अधिक भय तर या दुसऱ्या मुलासच असतें. म्हणून कायद्यावर विसंबून न राहतां, शेजाऱ्यांनीं पुनः पुनः कळविणें आणि संस्थेनें तें वेळींच ऐकणें, हेंच त्याचें खरें संरक्षण होय.