लहान रुग्ण म्हणजे सोपं काम?

“मुलांचा डॉक्टर ना? सर्दी, जुलाब आणि लसी, एवढंच तर बघायचं.” रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाबद्दल हा समज शिकलेल्या घरांतही आढळतो. बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी आणि नवजात बाळांचंच काम करायचं तर डीएमची आणखी तीन, एवढा काळ फक्त सर्दीसाठी कोण देईल?

मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला द्यायची, ही सवय तर धोक्याचीच. मुलाचा डोस किलोवर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणून वॉर्डात आधी वजनकाटा, मग पेन. काचेच्या पेटीतल्या बाळाचा हिशेब याहून बारीक. नवजात बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 ते 90 मिलिलिटर रक्त असतं. एक किलोच्या बाळाचं 5 मिलिलिटर रक्त तपासणीला काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं जवळपास पाव लिटर काढणं. म्हणून तिथला निवासी डॉक्टर प्रत्येक तपासणी लिहिण्याआधी थांबतो. ते थांबणंही उपचारच आहे.

मूल बोलत नाही, म्हणून डॉक्टर अंदाज बांधतात, हेही खरं नाही. खोकणारं बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, झबलं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. आणि “आज अंगावर पीतच नाही हो” हे आईचं वाक्य धोक्याची खूण म्हणूनच ऐकायचं असतं.

सगळ्यात चिवट समज सलाईनचा. जुलाबाच्या मुलाला पाणी पाजायला सांगणारा डॉक्टर नातेवाइकांना निष्काळजी वाटतो. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने साखर-मिठाचं मोजून केलेलं पाणी वाटलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखरेबरोबर मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषलं जातं, म्हणून हे जमतं. गुंगीतलं किंवा काहीच न पिणारं मूल मात्र सलाईनच्याच हक्काचं. बाकीच्यांसाठी वाटी आणि चमचा. उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळूहळू, चमचा-चमचा पाजायचं.