नांगीत धरलेले तांबे

काळीभोर म्हैस हळूहळू तांबूस दिसू लागली आणि तिच्या डोळ्यांभोवतीचे केस विटून चष्मा घातल्यासारखी फिकट कडी उमटली, की गोठ्यातील जाणती माणसे हिच्या अंगात काहीतरी कमी आहे असा निर्वाळा देतात, आणि तो पुष्कळदा खरा ठरतो; कारण केसांना काळेपणा देणारे द्रव्य ज्या विकराच्या साहाय्याने तयार होते, त्याला तांबे लागते. ही गरज तरी किती? दिवसाला बारा किलो कोरडा चारा खाणाऱ्या दुभत्या जनावराला तांबे सुमारे 120 मिलिग्रॅम आणि जस्त अर्धा ग्रॅम. चिमटीत मावणाऱ्या या ऐवजावाचून गाय उलटते आणि व्याल्यावर वार अडकते.

मग पेंडीत मोरचूद मिसळले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु गव्हाणीत पडलेले तांबे आणि रक्तात रुजू झालेले तांबे यांत, जमाबंदीतला आकार आणि प्रत्यक्ष वसूल यांत असते तेवढे अंतर आहे. दूध पिणारे वासरू मिळालेल्या तांब्यापैकी 70 टक्क्यांपर्यंत आत घेते. तेच रवंथ करू लागले म्हणजे वसूल 1 ते 5 टक्क्यांवर येतो, आणि उरलेले शेणावाटे निघून जाते. या गळतीचे कारण इंग्लंडातील सॉमरसेट परगण्याने शिकविले. तेथील काही हिरव्यागार कुरणांत चरणाऱ्या गाई हगवणीने खंगत असत; 1938 साली त्या गवतात मॉलिब्डेनम अतोनात असल्याचे उघड झाले, आणि मोरचुदाच्या मात्रेने जनावरे सावरली. कोठीपोटातील सूक्ष्मजीव गंधकाचे सल्फाइड करतात, ते मॉलिब्डेनमशी संगनमत करते, आणि ती जोडी तांब्याला असे जखडते की ते शरीराच्या उपयोगी पडत नाही.

वाटेवरच्या या अडवणुकीवर काढलेली तजवीज म्हणजे 'चिलेटेड' खनिज. 1920 साली मॉर्गन आणि ड्रू या इंग्रज रसायनज्ञांनी खेकड्यासारख्या प्राण्यांच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडविले. धातूचा अणू एका बोटाने न धरता दोन्ही बाजूंनी पकडीत घ्यावा, अशी ही रचना. रक्तातील लोह आणि पानातील मॅग्नेशियम निसर्गानेही अशाच पकडीत बसविले आहे. खाद्यात ग्लायसीन किंवा मिथिओनीनसारखी अमिनो आम्ले ही नांगी होतात. अमेरिकेतील खाद्यनियंत्रकांच्या व्याख्येप्रमाणे धातूच्या एका अणूस अमिनो आम्लाचे एक ते तीन, शक्यतो दोन, रेणू असावेत, आणि संयुगाचा रेणुभार 800 च्या वर जाऊ नये.

मात्र पकड घट्ट तितकी गुणकारी, हा समज चुकीचा आहे. ईडीटीए नावाचे द्रव्य धातूला इतके आवळते की शिशाची विषबाधा झालेल्या रोग्याच्या लघवीवाटे ते शिसे बाहेर काढण्यासाठी वैद्य त्याचा उपयोग करतात. उलट पकड सैल असली, तर चौथ्या पोटातील आम्लात ती सुटते, आणि जास्त दाम मोजून घेतलेले चिलेट शेवटी साध्या मोरचुदाच्याच पंगतीला बसते. वाटेत अडथळाच नसेल, तर दोहोंत फारसा फरक उरत नाही. म्हणूनच प्रयोगांचे निकाल कधी अनुकूल, कधी निरुत्तर करणारे येतात. कोंबड्या व डुकरे यांच्या बाबतीत ही नांगी विशेष उपयोगी पडण्याचा संभव आहे, कारण मका-सोयाबीनमधील फायटिक आम्ल जस्त अडकवून ठेवते आणि ते फोडणारे कोठीपोट त्यांना नसते. गाई-म्हशींत तो अडथळा सूक्ष्मजीवच बहुतांशी दूर करतात; तेथे कज्जा मुख्यतः तांब्याचा.

त्यामुळे खनिज मिश्रणाच्या पोत्यावर 'चिलेटेड' एवढा ठळक शिक्का पाहून हरखण्यापेक्षा, कोणता धातू, कोणत्या अमिनो आम्लाशी बांधला आहे आणि मिश्रणातील किती भाग खरोखर बांधलेला आहे, हे बारीक टायपातले मजकूर वाचणे शहाणपणाचे. विक्रेत्याला त्याचा कंटाळा आला तरी हरकत नाही. आणि गोठ्याशेजारी मेंढ्यांचा वाडा असेल, तर गाईचे पोते त्यांच्यापासून दूर ठेवावे. मेंढीचे यकृत तांबे साठवीत राहते, महिनोन्‌महिने काही कळू देत नाही, आणि एके दिवशी तो साठा एकदम रक्तात सुटला की तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात आणि सकाळी वाड्यात लालभडक लघवी दिसते.