ठरल्या वारी येणारा कुत्रा

कॉमन रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधे चादर अंथरलेली, दाराशी सॅनिटायझरची बाटली. अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत थेरपी डॉग यायचा असला की इतकी तयारी पुरते. कुत्रा आत येतो तो जमीन हुंगत. त्याला घेऊन येणारा हँडलर बहुतेकदा त्याचा मालकच असतो, स्वयंसेवक म्हणून आलेला. तो दोरी सैल सोडतो आणि आधी स्वतः खाली बसतो. मुलं चार-पाचच असतात आणि त्यांना कुत्र्याभोवती गोल करू देत नाहीत. अर्धवर्तुळात बसवतात, म्हणजे नकोसं झालं तर कुत्र्याला उठून मागे जायला वाट राहते. डोक्यावर वरून हात न्यायचा नाही. आधी तळवा खालून पुढे करायचा, त्याला हुंगू द्यायचं, मग छातीवर, कानामागे कुरवाळायचं. पाच-सात मिनिटांत कुत्रा अंग सैल सोडतो आणि कुणाच्या तरी नडगीवर सगळा भार टाकून पडतो. ज्याच्या पायावर तो पडतो त्याला हलता येत नाही, आणि हलायचंही नसतं. बोलणं कुत्र्याच्या नावावरून सुरू होतं, मग कुणाच्या घरी कोणता प्राणी आहे यावर येतं, आणि तिथून घर फार लांब नसतं.

हा उपचार नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांनी या कामाचं नुकसानच केलं आहे. कुत्र्याला नैराश्य बरं करता येत नाही. पण नव्या गावात, अनोळखी खोलीत, दार लावून बसलेल्या मुलाला बाहेर यायला एक साधं कारण तो देऊ शकतो; आणि ते कारण टिकायचं असेल तर कुत्र्याने परीक्षेच्या आठवड्यात एकदा येऊन चालत नाही. त्याने मुलं राहतात तिथेच, ठरल्या वारी, ठरल्या वेळी यायला हवं. या विषयावरचं संशोधन शेजारी शेजारी ठेवून वाचलं की माझ्या मते हाच अर्थ निघतो. इथे एक घोटाळा आधी दूर करायला हवा. अंध माणसाला रस्ता दाखवणारा सर्व्हिस डॉग वेगळा. मानसिक आधारासाठी एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवलेला प्राणीही वेगळा. असा छोटा कुत्रा ठेवू देण्यावरून नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या शाखेविरुद्ध खटला झाला आणि घर देताना भेदभावाला मनाई करणारा कायदा विद्यापीठाच्या निवासांनाही लागू होतो, असं न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. त्या कुत्र्यावर हक्क एकाचा. थेरपी डॉग मात्र सगळ्यांचा, तासाभरासाठी आलेला पाहुणा असतो, आणि त्याच्याकडून काय मागायचं हे त्यावरूनच ठरतं.

विद्यापीठांत तो आला तो परीक्षेच्या निमित्ताने. येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाने २०११ मध्ये माँटी नावाचा टेरियर अर्ध्या अर्ध्या तासासाठी, पुस्तक द्यावं तसा, विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाने परीक्षेच्या दिवसांत कुत्र्यांची खोली उघडली, त्याची छायाचित्रं जगभर फिरली, आणि रांगा लावून कुत्री गोंजारायचा कार्यक्रम कॅम्पसोकॅम्पस रूढ झाला. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अशा कार्यक्रमाला आलेल्या २४६ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांजवळून उठताना मुलांचा ताण कमी झालेला होता, उत्साह वाढलेला होता. दहा तासांनी विचारलं तेव्हा त्यातलं जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. परीक्षेच्या सकाळी काही तासही कमी नाहीत, हे खरं. पण एवढ्यावर मानसिक आरोग्याची योजना उभी राहत नाही.

याच विद्यापीठाच्या केलोना इथल्या ओकानागन शाखेत जॉन-टायलर बिनफेट हे प्राध्यापक २०१२ पासून ‘बार्क’ नावाचा उपक्रम चालवत आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी हॉली-अ‍ॅन पासमोर यांनी २०१६ मध्ये मांडलेला अभ्यास छोटा आहे, पण माझ्या लेखी जास्त मोलाचा. घरच्या आठवणीने व्याकूळ असल्याचं स्वतःच सांगणारी पहिल्या वर्षाची ४४ मुलं त्यांनी घेतली. काहींना दर आठवड्याला ४५ मिनिटं, असे आठ आठवडे, कुत्र्यांबरोबर बसवलं. बाकीच्यांना थांबायला सांगितलं. कुत्र्यांकडे जाणाऱ्यांची घराची ओढ कमी झाली आणि आयुष्याविषयीचं समाधान वाढलं. थांबलेल्यांची ओढ मात्र त्याच काळात वाढली. आपल्याकडे घरची आठवण हा कौतुकाचा, चार दिवसांत विरणारा विषय समजतात. खरं तर वसतिगृह सोडून जाण्याची, वर्ग चुकवण्याची, जेवणावरची वासना उडण्याची सुरुवात पुष्कळदा तिथेच असते. आठ आठवड्यांच्या ४५ मिनिटांत जे घडतं ते एका रांगेत घडूच शकत नाही. तीच चार माणसं, तोच कुत्रा, तोच वार. दुसऱ्या खेपेला कुत्रा ओळखतो, तिसऱ्या खेपेला शेजारी बसलेली मुलगी ओळखते. एखादा आला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं.

यावर पहिला आक्षेप असा की मग कुत्रा कशाला, चार मुलं आणि एक प्रेमळ मोठं माणूस पुरेसं नाही का? आक्षेप रास्त आहे आणि बिनफेट यांनीच तो तपासला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८४ विद्यार्थ्यांचे तीन गट केले: एकाला कुत्र्याला हात लावायची मुभा, दुसऱ्याला तो नुसता समोर, तिसऱ्यासमोर फक्त हँडलर, कुत्रा नाही. वेळ सगळ्यांना वीस मिनिटं. बरं तिन्ही गटांना वाटलं, पण सगळ्या मोजपट्ट्यांवर सुधारणा दिसली ती फक्त कुरवाळणाऱ्यांत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया पेंड्री यांनी २४९ विद्यार्थ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं तेव्हाही हेच निघालं. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना हाताळणाऱ्यांत ते नुसतं लांबून पाहणाऱ्यांपेक्षा, चित्रं बघणाऱ्यांपेक्षा आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी होतं. वसतिगृहातल्या मुलाला दिवसभरात किती जण मायेने हात लावतात, याचा विचार केला की यात आश्चर्य वाटत नाही. घरी आईचा हात पाठीवरून फिरतो, धाकटं भावंड अंगावर लोळतं. इथे दाराशी धक्का लागला तरी ‘सॉरी’ म्हणतात.

पेंड्री यांच्याच आणखी एका अभ्यासाने तर मला विचारात पाडलं. ३०९ विद्यार्थ्यांना चार आठवडे, आठवड्याला एकेक तास, तीन प्रकारांनी वागवलं: काहींना ताण कसा हाताळावा याची व्याख्यानं, काहींना व्याख्यान आणि कुत्रा दोन्ही, काहींना फक्त कुत्र्यांचा सहवास. अभ्यासात किंवा मनाने आधीच अडचणीत असलेल्या मुलांची लक्ष लावण्याची, कामाची आखणी करण्याची क्षमता वाढली ती फक्त सहवासाच्या गटात, आणि सहा आठवड्यांनीही ती टिकून होती. व्याख्यान जोडलं तिथे तसं झालं नाही. धडपडणाऱ्या मुलाला आणखी एक उपदेश म्हणजे आणखी एक नापास होण्याची जागा असावी, असा माझा तर्क. आयोजकांना हे पचायला जड जातं. कुत्रा आणलाच आहे तर दहा मिनिटं वेळेचं नियोजनही शिकवू, असं हमखास सुचतं. तो मोह टाळावा.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा. समुपदेशक नेमण्याऐवजी विद्यापीठं स्वयंसेवकांची कुत्री फुकट आणतात आणि आपण काही करतो आहोत असं दाखवतात, ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असं अमेरिकेतल्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था सांगत आली, आणि तेवढेही पुष्कळ ठिकाणी नसतात. पण म्हणून कुत्रा नको असं ठरत नाही. समुपदेशकाशिवाय कुत्रा नको, एवढं नक्की ठरतं. समुपदेशकाकडे जायचं तर अर्ज, तारीख आणि ‘मला काहीतरी झालंय’ ही कबुली लागते. कुत्र्याकडे जायला यांतलं काहीच लागत नाही. त्याच खोलीत, त्याच चादरीवर समुपदेशक तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला येऊन नुसता बसला, तर पुढे त्याच्या दारावर टकटक करणं सोपं होतं. आणखी एक आक्षेप मान्यच करायला हवा: या अभ्यासांना मुळात कुत्र्यांची आवड असलेलीच मुलं येतात, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष सगळ्या वसतिगृहाला लावता येणार नाहीत. ज्यांना कुत्र्याची भीती आहे, केसांची अ‍ॅलर्जी आहे, किंवा धर्मामुळे त्याची लाळ चालत नाही, त्यांचाही त्या इमारतीवर तेवढाच हक्क आहे. आठवडाभर आधी सूचना, लिफ्ट आणि जेवणघरापासून दूरची खोली, येण्याजाण्याचा एकच रस्ता, एवढं केलं तर कुणालाच चोरून वावरावं लागत नाही.

आणि कुत्र्याचं काय? त्याला कुणी विचारत नाही, म्हणून हँडलरने त्याच्या अंगावरून वाचायचं असतं. खाणं समोर नसताना जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभया देणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं, ही सगळी ‘पुरे’ म्हणायची भाषा. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेच्या नियमाने प्राण्याला दिवसात दोन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि दर दोन वर्षांनी कुत्रा व हँडलर या जोडीची पुन्हा परीक्षा होते. परीक्षेच्या आठवड्यातल्या रांगांमध्ये शेकडो हात एका कुत्र्यावरून फिरतात. छोट्या, ठरल्या गटाचा आग्रह कुत्र्यासाठीही आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने विशेष मुलांबरोबर प्रशिक्षित कुत्र्यांचं काम इथे अनेक वर्षं केलं आहे. गरज तर उघडी आहे: २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने पात्र समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे आधी गल्लीतला, अंगावर धावून येणारा कुत्रा येतो, रेबीजची भीती येते. म्हणून लसीकरणाचं कार्ड दाराशीच लावायला हवं आणि पहिल्या दिवशी लांबच्या खुर्चीवर बसून नुसतं बघणाऱ्यांनाही जागा हवी. सुरुवात करायची तर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या एकाच वसतिगृहात, आठ आठवडे, एकच वार धरून करावी. आणि कुत्रा यायच्या आधी रेक्टरांच्या दारावरच्या फलकावर समुपदेशकाचं नाव, खोली आणि वेळ लिहिलेली असावी.