स्पेसबार नव्हे, रूलर

अर्ज, ठराव, इतिवृत्त टाइप करताना परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला अनेक जण स्पेसबार दाबत राहतात. पडद्यावर ते नीट दिसते. पण फॉन्ट किंवा अक्षरांचा आकार बदलला की त्या मोकळ्या जागेची रुंदीही बदलते आणि सगळी मांडणी विस्कटते. वर्डमधला रूलर हे अंतर परिच्छेदालाच जोडतो, म्हणून ते टिकते. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘रूलर’वर खूण केली की पानाच्या वर पट्टी दिसते. तिच्या डाव्या बाजूचा वरचा त्रिकोण फक्त पहिली ओळ सरकवतो, खालचा त्रिकोण बाकीच्या ओळी, तर त्याखालचा चौकोन अख्खा परिच्छेद. मुद्द्याची दुसरी ओळ आकड्याखाली न येता मजकुराखाली यायला हवी असेल, तर आकड्यानंतर एकदा टॅब दाबून खालचा त्रिकोण उजवीकडे ओढावा.

एका पानाच्या अर्जाला एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण तोच अर्ज पुढे तारीख बदलून, मजकूर वाढवून वापरला जातो आणि प्रत्येक वेळी स्पेस मोजत बसावे लागते. पुस्तकभर परिच्छेद एकेक करून ओढणे परवडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे एकच परिच्छेद रूलरने बसवावा आणि त्यावरून त्याची स्टाइल, म्हणजे मांडणीचा नाव दिलेला नमुना, अपडेट करावी. त्या स्टाइलचे बाकीचे परिच्छेद आपोआप तसेच होतात.