हायवे सतरावरचे चाचे

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून मर्टल बीच गाडीने साडेतीन-चार तासांवर. शार्लटला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी लाँग वीकेंडचा हा ठरलेला बेत. साउथ कॅरोलायनाचा हा किनारा म्हणजे सपाट वाळू, डोंगराचं नाव नाही. तरीही समुद्राच्या आधी दिसतात ते कडेच. हायवे सतराच्या दुतर्फा तांबूस खडक, त्यांवरून कोसळणारं गडद निळं पाणी, अर्धं कललेलं गलबत, मध्येच मान वर काढलेला डायनोसॉर. हे सगळे मिनी गोल्फचे कोर्स. ग्रँड स्ट्रँड म्हणतात त्या सुमारे ६० मैलांच्या पट्ट्यात ते तिसांहून जास्त आहेत, आणि मर्टल बीच स्वतःला या खेळाची जागतिक राजधानी म्हणवतं.

खेळ अगदी सोपा. हातात एकच काठी, ती पटर. आपल्या रंगाचा चेंडू निवडायचा, गुण लिहायला कार्ड आणि बोटभर पेन्सिल घ्यायची आणि अठरा होल फिरून यायचं. सहा फटक्यांत चेंडू खड्ड्यात पडला नाही तर बहुतेक ठिकाणी सहा लिहून पुढे सरकायचं. मागे रांग असते!

याची सुरुवात मात्र बरीच गंभीर. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला १८६७ मध्ये बायकांचा पटिंग क्लब निघाला. काठी खांद्यावर उगारून फटका मारणं बाईमाणसाला शोभत नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून त्यांच्या वाट्याला नुसतं पटिंग आलं. त्यांच्या उंचसखल हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात. ती अजून चालू आहे, आणि आता तिथे कोणीही खेळू शकतं.

अमेरिकेत या खेळाचा धंदा केला तो गार्नेट कार्टर यांनी. लुकआउट माउंटनवरच्या आपल्या हॉटेलाच्या आवारात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी छोटा कोर्स काढला. परीकथेतल्या बुटक्यांची सजावट त्यांची पत्नी फ्रीडा हिची. ‘टॉम थंब’ नावाने हे तयार कोर्स देशभर विकले गेले. हिरवळीच्या जागी सरकीच्या टरफलांचा दाबून बसवलेला थर असे, त्यामुळे गवत राखायचा खर्च वाचे. महामंदीच्या सुरुवातीला, १९३० मध्ये, देशात सुमारे २५,००० कोर्स असल्याचा अंदाज होता. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवरही खेळ चाले. ही लाट जशी आली तशीच वर्ष-दोन वर्षांत ओसरली.

खरा वाद पुढे झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला १९५४ मध्ये डॉन क्लेटन यांनी ‘पट-पट’ सुरू केलं. पवनचक्क्या आणि सोंगं त्यांना नको होती. कोन साधा, कडेवरून चेंडू परतवा आणि प्रत्येक होल दोन फटक्यांत संपवा, असा त्यांचा खाक्या. पाचच वर्षांनी ली कोप्लिन यांनी फ्लोरिडात पनामा सिटी बीचला ‘गूफी गोल्फ’ उभारलं, ते स्फिंक्स आणि डायनोसॉरांसकट. माझ्या मते या दोघांचा निकाल लावला तो रस्त्याने. १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्गांचं जाळं पसरत गेलं आणि कुटुंबं गाडीने सुट्टीला निघू लागली. धावत्या गाडीतून फटक्यातलं कसब दिसत नाही, डायनोसॉर दिसतो. मागच्या सीटवरची मुलं ओरडली की बाप ब्रेक लावतो.

हे डोंगर घडवायची रीत ठरलेली आहे. सळ्या आणि जाळीचा सांगाडा उभारायचा, त्यावर दाबाने काँक्रीट फवारायचं, ते ओलं असतानाच भेगा आणि कपारी कोरायच्या, मग रंग द्यायचा. दिवाळीत आपली मुलं अंगणात किल्ला करतात, तेच काम मोठ्यांनी पैशासाठी केलेलं. पाणी पंपाने फिरत राहतं. त्यात घातलेल्या निळ्या रंगाने तळ झाकला जातो आणि ऊन खाली पोचत नसल्याने शेवाळंही कमी धरतं. नॉर्थ मर्टल बीचच्या ‘हवायन रंबल’मध्ये सुमारे ४० फुटी ज्वालामुखी ठरावीक वेळाने गुरगुरतो आणि आगीचे लोळ सोडतो. हवाई इथून हजारो मैलांवर आहे, पण त्याची खंत इथे कोणालाच नाही.

कित्येक कोर्सवर गलबतासोबत चाचेही असतात. त्यांचं मात्र तसं नाही. ते खरोखरच इथले. ब्लॅकबिअर्डने मे १७१८ मध्ये जवळच्या चार्ल्स्टन बंदराची नाकेबंदी करून खंडणीत औषधांची पेटी घेतली, आणि त्याच नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनाच्या ओक्राकोकपाशी तो मारला गेला. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रज खांदेरीवर चालून गेले आणि हात हलवत परतले. ज्यांच्याविरुद्ध ही मोहीम होती त्या सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रजी कागदपत्रं ‘पायरेट’च म्हणतात. दस्तक घेतल्याशिवाय जहाज जाऊ न देणारा दर्यासारंग आणि औषधांची पेटी लुटणारा दांडगा एकाच शिक्क्याखाली!

अशा कोर्सवर ब्लॅकबिअर्डच्या जोडीला कॅप्टन किडचं नाव हमखास भेटतं. हा विल्यम किड चाच्यांना पकडायचा राजाचा परवाना घेऊन निघाला होता. सप्टेंबर १६९७ मध्ये तो कारवारला पोचला. तिथे त्याचे काही खलाशी पळाले, आणि पुढे गोव्याहून आलेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबारच्या दर्यात ‘क्वेडा मर्चंट’ धरलं. बंगालहून सुरतेला निघालेलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं हे जहाज रेशीम, मलमल आणि साखरेने भरलेलं होतं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मोगलांचं ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटल्यावर सुरतेचे इंग्रज वखारवाले मोगलांच्या कैदेत पडले होते. त्यामुळे या वेळी ईस्ट इंडिया कंपनीला किडची गय परवडणारी नव्हती. मे १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी झाली.

कोर्सवरच्या खजिन्याच्या पेटीत सोनेरी मुलाम्याची नाणी असतात, मलमलीचा तागा कुठे दिसला नाही. किडने कॅरिबियनमध्ये सोडून दिलेल्या त्या जहाजाचे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या कातालिना बेटाजवळ, जेमतेम दहा फूट पाण्यात, तोफांसकट सापडले. मर्टल बीचला मुलांना घेऊन जाणाऱ्या मराठी आईबापांनी गलबतापाशी फोटो जरूर काढावा, पण परतीच्या तीन-चार तासांत मुलांना कारवार, सुरत आणि खांदेरीबद्दलही सांगावं.